गायीच्या नाकाला इंग्रजीत काय म्हणायचं

आमच्या गल्लीत इंग्रजी काहीही आलं की ते आधी विर्यादी गुरुजींच्या दारात जायचं. औषधाच्या खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद, भात शिजवायच्या नव्या भांड्याबरोबर आलेली पुस्तिका, परदेशी नोकरीला गेलेल्या लेकीच्या पार्सलावरचा शिक्का. गुरुजी ते हातात घ्यायचे, कपाळावरचा चष्मा खाली ओढायचे, एकदा वाचायचे आणि म्हणायचे, "ठेवून जा. उद्या ये." लगेच कधी सांगायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी गेलं की एका कागदावर सुबक अक्षरात सगळं लिहून तयार असायचं. एकदा आमचे गल्लीप्रमुख पाक बासुनी यांची सून छातीवर इंग्रजी लिहिलेला सदरा घालून भाजी आणायला निघाली. गुरुजींनी तिच्या सासूला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "तो सदरा फरशी पुसायला घ्या." त्यावर काय लिहिलं होतं हे कुणी विचारलं नाही. सदरा त्याच दिवशी फरशीवर गेला.

मी शिंपी. गल्लीत मला सगळे चाक म्हणतात, म्हणजे दादा. इंडोनेशियातल्या सुरबाया शहरात कालीमास नदीच्या काठी आमची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी, गुरुजींच्या ओट्याला लागून माझं मशीन. त्यामुळे ही हकिगत निम्मी मी डोळ्यांनी पाहिली आणि उरलेली पुढे गुरुजींनीच मला सांगितली.

एकतीस वर्षं ते सरकारी शाळेत इंग्रजी शिकवत होते. समुद्र कधी ओलांडला नव्हता. त्यांचं सगळं इंग्रजी एका जाडजूड शब्दकोशातून आलेलं. पाठ निखळली तेव्हा मी छत्रीचं काळं कापड लावून तो शिवून दिला होता. खोइरियाबाई, त्यांची बायको, म्हणायच्या, "आमच्या घरात मी दुसरी. पहिली कपाटात असते."

गुरुजी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या वर्षी जुमियाती परत आली. आम्ही तिला निंग जुम म्हणायचो, इकडे मुलीबाळींना निंग म्हणायची पद्धत आहे, आणि अडतिशी गाठली तरी ती गल्लीची मुलगीच होती. चौदा वर्षं हाँगकाँगला दोन घरांत तिनं परक्यांची मुलं वाढवली होती. आई थकली म्हणून कायमची परतली. येताना दोन बॅगा, एक शिट्टी वाजवणारी किटली, आणि कुणी विचारलं नाही तर ज्याचा पत्ताही लागला नसता असं तिचं इंग्रजी.

पत्ता लागला तो एका सकाळी. एक गोरा तरुण सायकल हातात धरून गल्लीत शिरला. घामानं निथळत होता, नकाशा उलटा धरला होता. मुलं गुरुजींना बोलवायला धावली. गुरुजी सदऱ्याची वरची गुंडी लावून बाहेर आले आणि त्यांनी एक लांबलचक, व्यवस्थित वाक्य म्हटलं. एकतीस वर्षं ते वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं. पोराचा चेहरा खुलला आणि तो भडाभडा बोलू लागला. गुरुजी ऐकत होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे इकडेतिकडे फिरायला लागले. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

निंग जुम नळावर कपडे धूत होती. साबणाचे हात तसेच ठेवून ती उठली, तीन-चार शब्द बोलली, कोपराने डावीकडे दाखवलं. पोरगं हसलं, हीही हसली. तो सायकलवर टांग टाकून गेला.

"काय म्हणत होता गं?" कुणीतरी विचारलं.

"रेल्वे स्टेशन हवं होतं. आणि तहान लागलीय म्हणाला. मी म्हटलं, पुढे शहाळी मिळतील."

बाया तिच्याभोवती जमल्या. गुरुजींनी वरची गुंडी काढली आणि ते घरात गेले.

नंतर कधीतरी ते मला म्हणाले, "चाक, ती बोलली ना, त्यात क्रियापदच नव्हतं. एकही. मी मोजत होतो." अगदी गंभीरपणे म्हणाले.

त्या दिवसापासून ती त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. लोकांचाही दोष होता म्हणा. गुरुजींकडे उद्या या, परवा या असायचं. निंग जुमकडे कपडे वाळत घालता घालता उत्तर मिळायचं. तिच्या ओसरीवर संध्याकाळी मुलं बसायला लागली. पुस्तक नाही, पाटी नाही, नुसत्या गप्पा इंग्रजीत. गुरुजींच्या शिकवणीची पाच मुलं होती, त्यांतली तीन तिकडे गेली. गुरुजी ओट्यावर बसून तिकडचा गलका ऐकायचे आणि माझ्याकडे न बघता म्हणायचे, "माकडांना बोलायला शिकवतेय. व्याकरण कुठंय?" मी मशीन चालवत राहायचो.

एकदा खोइरियाबाईंनी रक्तदाबाच्या नव्या गोळीचा कागद निंग जुमला दाखवला. तिनं तो ओसरीवरच्या एका मुलीकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि अर्थ सांगितला. गुरुजींना ते कळलं. दोन दिवस ते बायकोशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "मला विचारलं असतं तर मी मेलो असतो का?"

"तुम्ही उद्या सांगितलं असतं," खोइरियाबाई म्हणाल्या. "गोळी आज घ्यायची होती."

अशात माक सातुमीच्या पाटीचा विषय निघाला.

माक सातुमी म्हणजे आमच्या गल्लीची म्हातारी. चाळीस वर्षं ती एकच पदार्थ विकतेय, रुजाक चिंगुर. चिंगुर म्हणजे गायीचं नाकाड, वरच्या ओठासकट. भाजून केस काढायचे, खरवडायचं, तासन्तास उकडायचं, मग पातळ चकत्या. दगडी पाट्यावर शेंगदाणे, मिरची, कच्चं केळं आणि कोळंबीचा काळा घट्ट अर्क एकत्र वाटायचा, त्यात चकत्या, तोफू, काकडी, उकडलेला पाला घोळायचा. तिच्या हातचं खायला नदीपलीकडून लोक येतात. त्या वर्षी नगरपालिकेनं ठरवलं की परदेशी पाहुण्यांचा एक गट जुन्या गल्ल्या बघायला आणायचा आणि आमच्या गल्लीत त्यांना माकचा रुजाक खायला घालायचा. पाक बासुनी म्हणाले, टपरीवर इंग्रजी पाटी हवी.

माक सातुमी जुन्या रीतीची. ती गुरुजींकडेच आली. दारातच बसली, वर काही केल्या येईना.

"गुरुजी, चिंगुरला इंग्रजीत काय म्हणतात?"

"उद्या या, माक," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता.

पण उद्या झालं, परवा झालं, आठवडा गेला. कारण शब्द सोपा नव्हता. आमच्याकडे माणसाच्या नाकाला एक शब्द आहे, वडीलधाऱ्यांच्या नाकाला आदराचा दुसरा, आणि जनावराच्या नाकाला तिसरा. तो तिसरा रागात माणसाला लावला तर मारामारी होते. इंग्रजीत असं काय असेल, हे गुरुजी शोधत बसले. मला येऊन सांगायचे. मी बटणं लावता लावता ऐकायचो.

"नोज हा माणसाचा," ते म्हणाले. "गायीला नोज म्हणणं म्हणजे बैलाला 'आपण बसा' म्हणण्यासारखं."

"मग?"

"स्नाऊट आहे. नाक, थुतर, दोन्ही. पण पहिल्याच ओळीत डुक्कर लिहिलंय. डुकराचं नाव आपल्या गल्लीत, खाण्याच्या पाटीवर? माकचा धंदा बसेल."

आणि मग एका दुपारी ते आले ते चेहरा उजळून. "मझल. गाय, घोडा, कुत्रा, सगळ्यांच्या तोंडानाकाचा पुढचा भाग. अगदी नेमका. चाक, याच्यापेक्षा नेमका शब्द जगात नाही."

"दुसरा काही अर्थ नाही ना?"

"आहेत. बंदुकीचं तोंड. आणि मळणीच्या बैलाला बांधतात ते मुसकं. पण पहिला अर्थ हाच."

पत्र्याची पाटी त्यांनी स्वतः रंगवली. पांढऱ्यावर निळी अक्षरं, प्रत्येक अक्षराला पट्टी लावून. खाली लहान अक्षरात आपलं नाव घालावं का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, कशाला. पाटी लागली तेव्हा माक सातुमीनं ती पदरानं पुसली.

दुपारच्या गर्दीच्या वेळी, गुरुजी बाकावर बसून खात असताना, निंग जुम आईसाठी रुजाक न्यायला आली. तिनं पाटीकडे पाहिलं, ओठ हलवले, पुन्हा पाहिलं, आणि तिला हसू आवरेना.

"गुरुजी, हे मझल? माझ्या मालकिणीच्या कुत्र्याला होती की मझल. कातड्याचे पट्टे असतात, चावू नये म्हणून थोबाडाला बांधतात. पाहुणे म्हणतील, हे लोक पट्टे उकडून खातात."

बाकावरची सगळी माणसं हसली. माक सातुमीही हसली, कारण सगळे हसत होते.

गुरुजी उठून उभे राहिले. "शब्दकोशात पहिला अर्थ जनावराचं नाकतोंड असा आहे."

"असेल की. पण बोलताना असं कोण म्हणतं? सरळ म्हणा, गायीचं नाक. नोज."

"नाक माणसाला असतं."

"आणि गायीला काय असतं, गुरुजी? खिडकी?"

आता तर लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. निंग जुमच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तिची जीभच तशी, सुरबायाची. पण गुरुजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. ताट अर्धं टाकून ते गेले.

दोन दिवसांनी पत्र्याच्या पाटीच्या जागी लहान काळी पाटी आली. खडूनं लिहिलं होतं, काऊ स्नाऊट. निंग जुमला नोज फारच साधं वाटलं असावं. तिनं वाढवलेली मुलं चित्रांच्या पुस्तकात जनावराच्या नाकावर बोट ठेवून स्नाऊट म्हणायची, ते तिला आठवलं. अक्षरं तिच्या ओसरीवर बसणाऱ्या एका मुलीनं काढली होती. गुरुजींची पत्र्याची पाटी माकनं टपरीच्या मागे, पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली.

गुरुजींनी ते पाहिलं.  शुक्रवारी नमाज झाल्यावर मशिदीबाहेरच्या कॉफीच्या टपरीवर माणसं बसली होती, पाक बासुनीही होते. गुरुजी शब्दकोश काखेत घेऊन आले. मशिदीला कुणी शब्दकोश घेऊन जात नाही. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"मला कुणाबद्दल काही बोलायचं नाही," ते म्हणाले. "पण गल्लीची अब्रू आहे म्हणून सांगतो. माकच्या टपरीवर आता जो शब्द लिहिलाय, तो डुकराच्या थोबाडाचा आहे."

"काय सांगता," पाक बासुनी म्हणाले.

"मी नाही, पुस्तक सांगतं. तुम्हीच बघा." त्यांनी पान उघडलं आणि पुढे केलं. इंग्रजी शब्दापुढे आमच्या भाषेत अर्थ होता, तो सगळ्यांना वाचता येत होता. डुकराचे नाक, तोंड. पान धरताना गुरुजींचा अंगठा त्याच्या खालच्या ओळीवर होता. त्या ओळीत लिहिलं होतं, किंवा कोणत्याही जनावराचे लांबट नाक. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात गेलं नाही. गुरुजींनीच ते धरून प्रत्येकासमोर फिरवलं.

"बिचारीला माहीत नसेल," कुणीतरी म्हणालं.

"नसेलच," गुरुजी म्हणाले. "चौदा वर्षं डुक्कर खाणाऱ्यांच्या घरात रांधलं, तिला काय फरक कळणार."

हे वाक्य पुस्तकात नव्हतं.

गुरुजींना वाटलं होतं, लोक पाटी उतरवतील, निंग जुमला दोन शब्द सुनावतील, संपेल. पण बोलणं गल्लीबाहेर गेलं आणि जाता जाता बदललं. शनिवारी पाटीवर डुकराचं नाव आहे असं होतं. रविवारी निंग जुमनं माकला हाँगकाँगची कृती शिकवली असं झालं. सोमवारी नदीपलीकडे लोक सांगत होते की सातुमीच्या रुजाकमध्ये डुकराचं नाकाड असतं. कुराणपठणाच्या बायकांनी तिच्याकडे जेवण सांगितलं होतं, ते मोडलं. कारण सांगितलं नाही. नुसता निरोप आला, नको.

टपरीवर माणूस फिरकेना. माक सातुमी रोज पहाटे चिंगुर उकडायची, दुपारपर्यंत पाट्यापाशी बसायची, वरवंटा मांडीवर. संध्याकाळी सगळं नदीत. तीन दिवस मी मशीनवरून हे पाहिलं. मी स्वतः जाऊन खाल्लं, पण शिंप्यानं खाल्ल्यानं कुणाचा विश्वास बसतो?

निंग जुमनं काळी पाटी काढून टाकली. तिच्या ओसरीवरची मुलं बंद झाली. नळावर ती आली की बाया बादल्या उचलायच्या.

आणि गुरुजींच्या दारात माणसं पुन्हा यायला लागली. एकानं पंख्याची पुस्तिका आणली, एकीनं लेकीचं पार्सल. गुरुजी म्हणायचे, उद्या ये. पुढे मला म्हणाले, "चाक, खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मला गोड लागलं. जेवण गोड लागलं, झोप गोड लागली."

तिसऱ्या दिवशी माक सातुमी आली. या वेळी ती दारात बसली नाही, उभीच राहिली.

"गुरुजी, तुम्ही पुस्तकातून दाखवलंत म्हणतात."

"पाटीवरचा शब्द दाखवला, माक. तुमच्याबद्दल मी काही बोललो नाही."

"ते मला माहीत आहे. तुम्ही कसे बोलाल. लोकांनी चुकीचं ऐकलं असेल. म्हणून आले. तुम्ही एकदा टपरीवर येऊन खाल का? सगळ्यांसमोर. आणि पुस्तकातलं पुरतं वाचून दाखवाल? तुमच्या शब्दाला मान आहे."

गुरुजी हो म्हणाले. म्हणाले, उद्या येतो.

उद्या ते गेले नाहीत. परवाही गेले नाहीत. सर्दी झाली म्हणाले. मला त्यांनी खरं कारण पुढे सांगितलं. "पुरतं वाचलं असतं तर तिचा शब्द बरोबर ठरला असता. माकचा धंदा वाचावा असं मला वाटत होतं रे. पण ती बरोबर ठरू नये असंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं जमावं, याचा मी दोन दिवस विचार केला."

त्यातल्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निंग जुम त्यांच्या घरी आली. हसणं, थट्टा काही नाही. म्हणाली, "गुरुजी, तो शब्दकोश दाखवा."

"आत्ता घरात नाही. बांधणीला दिलाय."

खोइरियाबाई आतून आल्या आणि त्यांनी शब्दकोश टेबलावर ठेवला. तशाच पुन्हा आत गेल्या.

निंग जुमनं पुस्तक उघडलं. पानं उलटायला लागली. पुढे गेली, मागे आली, परत पुढे. ओठ हलत होते, अक्षरांचा क्रम ती पुटपुटत होती. गुरुजी बघत राहिले. शाळेतल्या मंद मुलाला शब्द सापडत नाही तेव्हा तो असाच पानं उलटतो. शेवटी तिला पान सापडलं. बोट ठेवून तिनं एक एक अक्षर जोडलं आणि घाम पुसला.

"तुला वाचता येत नाही?" गुरुजींच्या तोंडून निघून गेलं.

"सहावीत शाळा सुटली. जे आलं ते कानानं आलं. वाचायला लागले की डोळ्यांपुढे मुंग्या येतात." तिनं पुस्तक त्यांच्याकडे सरकवलं. "तुम्ही वाचा. मला ऐकायचंय."

गुरुजींनी वाचलं. पहिली ओळ वाचली आणि थांबले.

"खालची," ती म्हणाली.

त्यांनी खालची वाचली.

निंग जुमनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे गायीलाही चालतो."

"चालतो."

"आणि तुम्हाला हे शुक्रवारी माहीत होतं."

गुरुजींनी मान खाली घातली. ती रडली असती किंवा भांडली असती तर बरं झालं असतं, असं ते मला म्हणाले. ती तसं काही करेना.

"मला काय बोलायचं ते बोला," ती म्हणाली. "मी परत जाईन कुठेही, मला हात आहेत. म्हातारीनं काय केलं होतं तुमचं? उद्या दुपारी टपरीवर हे वाचा. दोन्ही ओळी."

"आणि नाही वाचलं तर?"

"तर मी वाचेन. अडखळत वाचेन, लोक हसतील, पण वाचेन."

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी शब्दकोश घेऊन निघाले. मी मशीन सोडून मागे गेलो. टपरीवर माक एकटीच होती. गुरुजींनी पाक बासुनींना बोलावून आणलं, मशिदीच्या कॉफीवाल्याला बोलावलं, नळावरच्या बाया आपणच जमल्या. निंग जुम लांब, भिंतीला टेकून उभी होती.

गुरुजींनी पान उघडलं आणि वर्गात वाचतात तसं खणखणीत वाचलं. पहिली ओळ. मग दुसरी. मग पुस्तक मिटलं.

"त्या दिवशी ही दुसरी ओळ माझ्या अंगठ्याखाली होती," ते म्हणाले. "चुकून नव्हती. मी झाकली होती. निंग जुमचा शब्द बरोबर होता. आणि माकच्या पाट्यावर गायीशिवाय दुसरं काही कधी आलेलं नाही, हे तुम्हाला सगळ्यांना चाळीस वर्षं माहीत आहे."

 पाक बासुनी आपल्या चपलांकडे बघत होते, कारण नदीपलीकडे गोष्ट त्यांच्या घरातूनच गेली होती. एक बाई एवढंच म्हणाली, "या वयात, गुरुजी?"

माक सातुमीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती वाटायला लागली होती. नेहमी ती विचारते, मिरच्या किती. त्या दिवशी विचारलं नाही. ताट पुढे आलं. गुरुजींनी ते सगळं संपवलं, घाम गाळत, नाक पुसत, पाणी न मागता. मग माकनं पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

गिऱ्हाईक एका दिवसात परतलं नाही. कुराणपठणाच्या मुख्य बाई स्वतः खाटकाकडे जाऊन विचारून आल्या, तेव्हा नदीपलीकडची माणसं हळूहळू यायला लागली. गुरुजींकडे मात्र फारसं कुणी येईना. येणारे म्हणायचे, "पूर्ण वाचा हं, गुरुजी." हसत म्हणायचे. ते हसणं त्यांना कसं झेपलं कोण जाणे.

पुढच्या महिन्यात परदेशी पाहुणे आले. काळी पाटी गेलेली, नवी करायला कुणाला उत्साह नव्हता. माकनं पिंपावरची पत्र्याची पाटी धुऊन परत लावली. "चांगला रंग दिलाय, पाण्यावर कशाला सडवायचा," म्हणाली. पाहुणे बाकांवर बसले, निंग जुम त्यांच्याशी बोलत होती. गुरुजी गर्दीच्या मागे उभे होते.

पाहुण्यांत एक उंच म्हातारी होती, ऑस्ट्रेलियात गायी पाळणारी. तिनं पाटीकडे बोट केलं आणि काहीतरी बोलली, बरंच बोलली. गुरुजींना त्यातलं मझल एवढंच कळलं. बाकी काही नाही. त्यांचं तोंड उतरलं. आता ही बाईही हसणार, असं त्यांना वाटलं.

निंग जुमनं ऐकून घेतलं. तिला वाटलं असतं तर तिथंच सोडून देता आलं असतं, कुणाला कळलं असतं? पण ती वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गुरुजी, या बाई विचारतात, हे कुणी लिहिलं? म्हणतात, शहरातली माणसं नोज म्हणतात, पण गायी राखणारे मझलच म्हणतात. म्हणतात, ज्यानं लिहिलं त्याला गाय माहीत आहे."

माणसं वळून गुरुजींकडे बघायला लागली. गुरुजींनी त्या बाईला नमस्कारासारखं काहीतरी केलं. तयार वाक्य होतं त्यांच्याकडे, पण ते आठवलं नाही.

घरी जाताना माझ्या मशीनपाशी थांबले. मला वाटलं, आनंदात असतील.

"तिनं पूर्ण सांगितलं," ते म्हणाले. "मी तिच्या जागी असतो तर नसतं सांगितलं. हे मला माहीत आहे, आणि तिलाही माहीत आहे." मग म्हणाले, "आता याबद्दलही मला तिचा हेवा वाटतो."

तो हेवा गेला असं मी म्हणणार नाही. निंग जुमची मुलं ओसरीवर परत आली. परीक्षेचं वर्ष आलं की ती त्यांना गुरुजींकडे पाठवायची, "लिहायचं तिकडे शिका." गुरुजी शिकवायचे, पण प्रत्येक मुलाला विचारायचे, "तिकडे काय काय सांगितलंन?" आणि मुलानं भरभरून सांगितलं की गप्प व्हायचे. दोघं एकमेकांशी नीट बोलायची. बसून गप्पा मारलेल्या मी पाहिल्या नाहीत.

तीन वर्षांनी निंग जुमची आई गेली आणि ती तैवानला निघाली. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. सगळी गल्ली बाहेर आलेली, बाया रडत होत्या, मुलं बॅगा ओढत होती, माक सातुमीनं केळीच्या पानात काळी चटणी बांधून दिली होती. गुरुजी आले नाहीत. खोइरियाबाई एकट्या आल्या. निंग जुमनं त्यांच्या हाताला कपाळ लावलं आणि एकदा गुरुजींच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता.

संध्याकाळी ते ओट्यावर येऊन बसले. मी विचारलं, "गुरुजी, आला नाहीत?"

"पडद्याआड उभा होतो," ते म्हणाले.

"मग बाहेर का नाही आलात?"

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. "सगळे रडत होते, चाक. मी बाहेर आलो असतो तर माझ्यासाठी यांतले किती रडतील, हेच मोजत बसलो असतो. तिच्या निघायच्या वेळी तरी ते नको होतं."